रिकाम्या हाताची हाक

म्हाताऱ्यांच्या त्या घरात रोज सकाळी साडेसहाला यादी निघायची, आणि यादीत जितकी नावं असतील त्याहून एक कप चहा जास्त ओतला जायचा. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरातली मावशी हे आधीच्या मावशीकडून शिकली होती, ती तिच्या आधीच्या बाईकडून, आणि विचारलंच असतं तर तिघींनीही तेच सांगितलं असतं, की यादीवर एक वरचा असतो. ट्रे खोल्याखोल्यांतून फिरून परत यायचा तेव्हा त्या वरच्या कपावर साय धरलेली असायची. मावशी तो मोरीत ओतायची आणि कामाला लागायची. जिथं साठ माणसं राहतात तिथं असल्या पुष्कळ गोष्टी चालू असतात. त्यांना कारण विचारत बसलं तर दुपारपर्यंत कुणाला चहा मिळायचा नाही.

यादी काढणारा प्रोग्रॅम पानाकाकानं लिहिलेला होता. सातवीत दोनदा आपटलेला हा माणूस घरात आला तो पंप चालवायला. पंप, जनरेटर, गळके नळ, करकरणाऱ्या खाटा हे त्याचं राज्य, आणि मागच्या खिशात कायम एक पाना, म्हणून पानाकाका. खरं नाव हजेरीच्या वहीपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी घराला एक जुना कॉम्प्युटर दान दिला आणि त्याच्याबरोबर विटेएवढं एक पुस्तक, पर्ल नावाच्या भाषेचं. कॉम्प्युटरला कुणी हात लावेना, तेव्हा टाकी भरेपर्यंतच्या वेळात पंपघरातल्या स्टुलावर बसून ह्यानं ते पुस्तक वाचून काढलं. इंग्रजी त्याला बसच्या पाटीपुरतं यायचं. पण यंत्राचं इंग्रजी म्हणजे पंधरा-वीस शब्द, आणि ते शब्द माणसांसारखे रोज बदलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्यानं लिहिलेली यादी त्या दिवसापासून निघत होती. तीन मॅनेजर बदलले, छपरावरचे पत्रे बदलले, यादी बदलली नाही. ह्याचं त्याला कौतुक होतं आणि ते लपवण्याइतका तो सभ्य नव्हता.

लग्न त्यानं केलं नव्हतं. पंपघरामागच्या खोलीत एकटा राहायचा. रक्ताचं म्हणून जगात एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण अक्का, आणि तीही सहा वर्षांपूर्वी ह्याच घरात राहायला आली होती. हा सत्तरीचा, ती एकोणऐंशीची. आली त्या दिवशी बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं सांगितलं, मला चौदा नंबरची खोली द्या. चौदाच का, हे तिनं सांगितलं नाही आणि ह्यानं विचारलं नाही. चौदात दोन खाटा होत्या. खिडकीजवळची अक्कानं घेतली; भिंतीकडची रिकामी होती, आणि ती कायमच रिकामी असायची, कारण त्या भिंतीला ओल होती.

रोज दुपारी चारला पानाकाका तिच्याकडे चहाला जायचा. चहाबरोबर एक मोठं गोल बिस्कीट असे. अक्का ते दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी असं काही दाबायची की बरोबर तीन तुकडे व्हायचे. एक तिला, एक ह्याला, आणि तिसरा बशीच्या कडेला.

"मधल्याचा," ती म्हणायची.

"कोण मधला, अक्का? आपण दोघं."

"तू गप. तुला काय कळतंय. तू शेवटचा."

तो चहा संपवायचा. उठताना तिसरा तुकडा खिडकीबाहेर टाकायचा. चिमण्या खायच्या. म्हातारपणी माणसाची एखादी कळ अशी अडकते, बाकी यंत्र ठणठणीत असतं, असं तो धरून चालला होता, आणि सहा वर्षं त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते एका बुधवारी. मॅनेजरबाई पंपघरापर्यंत चालत आल्या तेव्हाच पानाकाका समजला, की नळ गळत नाहीये, दुसरंच काहीतरी आहे.

"सोमवारी डॉक्टर येतायत काका. अक्कांना बघतील."

"अक्काला काय धाड भरलीय?"

"त्या रिकाम्या खाटेशी बोलतात. काल नव्या आजींना तिथं बसवायला गेलो, तर काठी उगारली. म्हणाल्या, ती मधल्याची जागा आहे."

"त्या भिंतीला ओल आहे. तिथं माणूस झोपवायचंच नाही."

मॅनेजरबाई म्हणाल्या, "काका, ओल आहे हे मी तुमच्याच तोंडून ऐकत आलेय. माझ्या आधीच्यांनीही तुमच्याच तोंडून ऐकलं. काल मी हात लावून बघितला. भिंत खडखडीत कोरडी आहे."

पानाकाका हातातला नट बोटांत फिरवत राहिला. भिंतीला ओल आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ओल पाहिलेली काही केल्या आठवेना.

"डॉक्टर साधंच विचारतात," बाई म्हणाल्या. "वार कोणता, घरात कोण कोण होतं, भावंडं किती. नसलेली माणसं मोजली तर मात्र मागच्या इमारतीत न्यावं लागतं. माझाही नाइलाज आहे."

मागच्या इमारतीच्या खिडक्यांना जाळ्या होत्या आणि दारांना कड्या बाहेरून. त्या कड्या ह्यानंच बसवल्या होत्या, चांगल्या चार-चार स्क्रूंनी, हलायचं नाव नको अशा. भेटीला महिन्यातून एक रविवार. तिकडे गेलेलं माणूस पुढच्या अंगणात परत बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी तो चहाला गेला तो चार वाजायची वाटही न बघता.

"अक्का, सोमवारी एक माणूस विचारेल, भावंडं किती. दोघं म्हण."

"तिघं आहोत तर दोघं कशी म्हणू?"

"एक दिवस म्हण. मंगळवारी हवी तर दहा म्हण."

अक्का हसली नाही. तिनं बशीच्या कडेचा तुकडा बोटानं सरळ केला, अंथरुणाची चादर सारखी करावी तसा.

"आणि मग तो राहील कुठं?" ती म्हणाली.

"कुठं म्हणजे?"

"तुझ्याकडे तर तो नाही. आईकडे होता, आई गेली. आता माझ्याकडेच काय तो आहे. मी दोघं म्हटलं, तर तो राहील कुठं, एवढं सांग. मग म्हणते."

पानाकाका चहा अर्धा टाकून उठला. आणि त्या दिवशी तिसरा तुकडा खिडकीबाहेर टाकायला त्याचा हात गेला नाही, तो तसाच बशीत राहिला.

त्याच आठवड्यात यादी नव्या यंत्रावर न्यायला एक इंजिनिअर मुलगी येत होती. तिशीची, जाड भिंगांची, हसताना तोंडावर हात धरणारी. पानाकाका तिला तोंडावर चष्मेवाली म्हणायचा आणि ती ओ द्यायची. बाविशीतल्या प्रोग्रॅमची पानं पडद्यावर सरकवत ती गुरुवारी सकाळी म्हणाली,

"काका, हे कुठल्या काळातलं आहे?"

"चालतंय ना?"

"चालतंय, त्याचीच भीती वाटते. आणि हे प्रत्येक नावाआधी 'अँड'च्या खुणेचं काय वेटोळं घालून ठेवलंय तुम्ही?"

"गाठ आहे ती."

"ही गाठ आता कुणी मारत नाही. नुसतं नाव लिहितात आणि पुढे कंस टाकतात."

"तुमचे गडी शहाणे असतील. माझे गाठ मारल्याशिवाय हलत नाहीत."

प्रोग्रॅमात जी छोटी छोटी कामं वेगळी बांधून ठेवलेली असतात, त्यांना पानाकाका गडी म्हणायचा. एक गडी रजिस्टर उघडतो, एक नावं लावतो, एक छापतो. हाक मारली की येतो, काम करतो, जातो. हाक मारायच्या मात्र दोन तऱ्हा. नावापुढे कंस टाकला, तर कंसात जे ठेवाल तेवढंच गड्याच्या हाती लागतं, आणि कंस रिकामा ठेवला, तर गड्याला काहीच मिळत नाही. पण जुन्या पद्धतीनं गाठ मारून नुसतं नाव घेतलं, कंस टाकलाच नाही, तर हाक मारणाऱ्याच्या हातात त्या वेळी जी पाटी, म्हणजे टोपली, असेल तिच्यातच गडी येऊन हात घालतो. पाटीची नक्कल नाही, तीच पाटी. त्यानं तिच्यातून एखादी वस्तू उचलली की ती हाक मारणाऱ्याच्या हातूनही गेली. आणि दिली असं कुठं लिहिलेलं नसतं.

"म्हणजे न सांगता काढून घेतो," चष्मेवाली म्हणाली.

"न सांगता कसं? हाक कुणी मारली?"

ती हसली, तोंडावर हात धरून. मग हात खाली आला. "काका, रजिस्टरात बासष्ट नावं आहेत. माझी यादी बासष्टांची निघते. तुमची एकसष्टांची."

"माणसं एकसष्टच आहेत. जा, मोजून ये."

ती खरंच मोजून आली. एकसष्टच होती. मग दोघं मिळून त्याच्या प्रोग्रॅमात शिरले, आणि अर्ध्या तासात चष्मेवालीनं बोट ठेवलं. यादी छापणारा गडी छापायला सुरुवात करण्याआधी आणखी एका गड्याला हाक मारत होता, गाठीची, बिनकंसाची. तो दुसरा गडी एका ओळीचा होता. पाटीतलं पहिलं नाव उचलायचं. बस. उचलून ते कुठं ठेवायचं, कुणाला द्यायचं, काही नाही. आणि त्याच्या डोक्यावर एक टीप होती, आपल्याच भाषेतली, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली:

ह्याला रिकाम्या हाताने हाक मारू नये.

"हे तुम्ही लिहिलंय?"

टिपेच्या सुरुवातीला दोन चांदण्या आणि मध्ये लांब रेघ होती. तो त्याचा पाना होता. स्वतःच्या प्रत्येक टिपेआधी तो हे चित्र काढायचा. हात त्याचाच. कुठल्या नळाला कोणत्या साली कुठला वायसर घातला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस, पण ही ओळ आणि तिच्यावरची टीप त्याला परक्यानं आपला शर्ट घालून फिरावं तशी वाटली.

"गडी पाळलाय की भूत?" चष्मेवाली म्हणाली.

"चहा घे तुझा."

"आणि हे उचललेलं नाव कुणाचं ते तरी बघू." तिनं रजिस्टरची पहिली ओळ उघडली. "खोली चौदा, खाट दोन. आडनाव तुमचंच आहे की हो."

पानाकाकानं ओळ वाचली. आडनाव आपलं, ते राहिलं. नाव वाचलं, साधं, ओळखीचं वाटावं असं नाव होतं, आणि खिडकीकडे मान वळवली तेव्हा ते डोक्यात नव्हतं. पुन्हा वाचलं, पुन्हा मान वळवली. तिसऱ्यांदा त्यानं ते पेनानं तळहातावर उतरवून घेतलं. मूठ उघडली की अक्षरं दिसत, ती वाचताही येत, आणि शेवटचं अक्षर वाचून होईतो पहिलं गेलेलं असे. नोंद प्रोग्रॅमच्याच आठवड्यातली होती. शेवटच्या रकान्यात, आणून सोडणाऱ्याच्या, दोनच शब्द होते: धाकटा भाऊ.

"कुणाचा धाकटा भाऊ?" चष्मेवालीनं विचारलं.

त्यानं मूठ मिटली.

"तपासायला म्हणून कुणीतरी टाकलेली खोटी नोंद असेल. रजिस्टर साफ करायचंच आहे सोमवारी, तेव्हा काढून टाकते."

चारला तो चौदात गेला तेव्हा अक्का भिंतीकडच्या खाटेची उशी थोपटत होती. त्यानं दार लोटलं आणि उभ्यानंच विचारलं, "मधला कसा होता?"

सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं त्यानं, पण अक्काला त्याचं काही नवल वाटलं नाही. तिनं त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठा उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दोन पांढरे वण होते, जवळजवळ.

"हे कशाचं?"

"डब्याचं झाकण लागलं होतं. लहानपणी."

"झाकणाला दात असतात?" अक्का म्हणाली. "त्याच्या वाटणीचं खाल्लंस, म्हणून चावला तो तुला. रक्त आलं. तू भोकाड पसरलंस आणि मार त्यानं खाल्ला. त्या दिवसापासून वाटायचं काम आईनं माझ्याकडे दिलं, की दोघांचं भांडण नको. तीन तुकडे, सारखे." तिनं अंगठा सोडला. "तो मोठा झाला तसा बिनसत गेला. बोलायचा नाही. तू म्हणालास, मी बघतो त्याचं. आईला शब्द दिलास."

पानाकाका वणांवर दुसऱ्या हाताचं बोट फिरवत राहिला. आठवलं काही नाही. पण आता त्याला पटलं होतं, आठवण नसतानाही पटलं होतं, जसं अंधाऱ्या जिन्यात पायरी दिसत नसली तरी ती आहे हे पायाला कळतं. अक्काचं डोकं फिरलेलं नव्हतं. मग ती जाळीमागे कशी जाते ते बघतो, असं मनाशी म्हणत तो मॅनेजरबाईंकडे गेला आणि रजिस्टरातली ओळ त्यांच्यापुढे धरली.

"अहो, रजिस्टरात काय, चुकूनही पडतं नाव," बाई म्हणाल्या. "हे घर यादीवर चालतं. गोळ्या यादीवर, आंघोळी यादीवर. बावीस वर्षांत एकदा तरी हे नाव छापील यादीत आलंय का? आलं असेल तर दाखवा. डॉक्टरांपुढे मी स्वतः ठेवते."

यादी त्याची होती. त्यात नाव आणणं हे दोन बोटांचं काम होतं.

रविवारी दुपारी ऑफिसात कुणी नसताना तो यंत्रापुढे बसला. हाकेची अख्खी ओळच खोडली असती तरी चाललं असतं. पण चालत्या यंत्रातला स्क्रू काढायचा नसतो, सैल करून बघायचं असतं, हा त्याचा जन्माचा नियम. कंस टाकला की झालं. गडी येईल, त्याला पाटी दिसणार नाही, हात हलवत परत जाईल, आणि पाटीतली बासष्टच्या बासष्ट नावं कागदावर उतरतील. त्यानं टीप पुन्हा वाचली; रिकामा हात म्हणजे हाच रिकामा कंस. बावीस वर्षांपूर्वीच्या पानाकाकाला एवढं माहीत होतं, तर त्यानं कारणही लिहून ठेवायचं होतं. अर्धवट सूचना लिहिणाऱ्या माणसाची त्याला नेहमीच चीड यायची. मग त्याला मागच्या इमारतीच्या कड्या दिसल्या, चार-चार स्क्रूंच्या. त्यानं उघडता कंस दाबला, मिटता कंस दाबला, मध्ये काही नाही.

सोमवारी साडेसहाला यादी निघाली. बासष्ट नावं. पहिल्याच ओळीत चौदा नंबरची खोली, दुसरी खाट, आडनाव, नाव. शाई ओली होती म्हणून त्यानं कागदावर फुंकर घातली, घडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. स्वयंपाकघराची प्रत मावशीकडे गेली. छातीवर कागद घेऊन तो पंप चालू करायला निघाला तेव्हा किती दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

टाकी भरून तो चहाला आला, तेव्हा ट्रे परत आला होता. त्यात एकही भरलेला कप नव्हता.

"वरचा ओतलास ना?"

"कसला वरचा?" मावशी म्हणाली.

"रोजचा. यादीवर एक."

"काका, यादीइतकेच कप ओततात. वरचा ओतून पाजायचा कुणाला, भिंतीला?" ती कप विसळत होती आणि थट्टा करत नव्हती. थट्टा केली की ती खांद्यावरून मागे बघायची. आज तिनं बघितलं नाही.

पानाकाका ऑफिसात गेला. चष्मेवाली येऊन बसली होती.

"तुम्ही कंस टाकलात की काका. शाब्बास." ती पडद्याकडेच बघत होती. "पण हा गडी आता काहीच करत नाही. आधी काय करायचा हा?"

"तूच शोधलास ना गुरुवारी."

"मी?" तिनं चष्मा काढून पुसला. "गुरुवारी आपण गाठींवरून भांडलो, तेवढंच."

"आणि रजिस्टर? बासष्ट?"

"एकसष्ट, काका. मी मोजून आले होते की."

त्यानं खिशावर हात ठेवला. कागद होता. घडी कडक लागत होती. डॉक्टर अकराला यायचे होते. तो दहापासून चौदा नंबरच्या बाहेर बाकावर जाऊन बसला, आणि बसल्या बसल्या बघत राहिला की दोन कामगार नवी गादी गुंडाळून आणतायत आणि ती आत नेऊन भिंतीकडच्या खाटेवर उलगडतायत, आणि आतून अक्काचा आवाज, काठीचा आवाज, कसलाच आवाज येत नाहीये. मॅनेजरबाई लगबगीनं आल्या.

"अक्कांनी सकाळी आपणहून सांगितलं. म्हणाल्या, खाट रिकामीच आहे, कुणाला द्यायची तर द्या. बघा, उगीच काळजी करत होतात."

डॉक्टर आले. खुर्ची ओढून अक्कासमोर बसले. बाई एका बाजूला, पानाकाका दाराशी.

"आज वार कोणता, आजी?"

"सोमवार. तुम्हाला नाही ठाऊक?"

डॉक्टर हसले. महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले, आणि तिनं केले, तीनदा, भराभर. मग कागदावरच्या पुढच्या प्रश्नावर पेन ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्ही भावंडं किती?"

पानाकाकानं खिशात बोटं घातली.

"दोघं," अक्का म्हणाली. "मी आणि हा."

बाईंनी पानाकाकाकडे बघितलं, मग अक्काकडे. "आणि मधला?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोघांत मधला कसा असेल, बाई?" अक्का म्हणाली. आवाज सरळ होता. तो कुणी पढवलेला नव्हता, त्यात कसलं दुःख नव्हतं, की मन मारून बोलल्याची खूण नव्हती. "आमच्यात नऊ वर्षांचं अंतर आहे. मध्ये कुणी झालंच नाही आईला."

डॉक्टरांनी बरोबरची खूण केली. कागद बाजूला ठेवताना त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "तुमच्या हातात काय आहे, काका?"

"सकाळची यादी."

"कशाला आणलीत?"

त्यानं घडी उलगडली. नावं होती, खोल्यांचे आकडे होते. पहिल्या ओळीत सात नंबरच्या खोलीतल्या त्या बहिऱ्या मास्तरांचं नाव, रोज असायचं तसं. खाली दुसरं, तिसरं, शेवटपर्यंत. ती आणली होती कशासाठी तरी, हे त्याला माहीत होतं. कशासाठी, ते जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथंच विरघळलं.

"रोजचीच आहे," तो म्हणाला.

डॉक्टर गेले. बाई जाताना दाराशी थांबून म्हणाल्या की अक्कांना कुठंही हलवायचं कारण नाही, त्या आहेत तिथंच राहतील, आणि आज ह्या खुशीत चहा आत्ताच पाठवते. पानाकाका खुर्चीवर बसला. जे हवं होतं ते झालं होतं. तरी त्याचे हात आपोआप शर्टाचे खिसे, मग पँटचे खिसे चाचपत होते. पाना जागेवर होता, किल्ल्या जागेवर होत्या. तळहातावर निळ्या शाईचा एक पुसट डाग होता, तो त्यानं पँटला घासला.

"काय हरवलं रे?" अक्कानं विचारलं.

"काही नाही."

भिंतीकडच्या खाटेवरच्या नव्या गादीवर ऊन पडलं होतं. चहा आला. बशीत मोठं गोल बिस्कीट होतं. अक्का खिडकीबाहेर बघत, गुडघ्याच्या दुखण्याविषयी काहीतरी सांगत होती, आणि सांगता सांगता तिनं बिस्कीट दोन्ही हातांत धरलं आणि अंगठ्यांनी दाबलं. एक तुकडा तिनं स्वतःकडे ठेवला. एक ह्याला दिला. तिसरा बशीच्या कडेला ठेवला, आणि बोलायची थांबली.

दोघंही त्या तुकड्याकडे बघू लागली.

"हा कुणाचा?" अक्का म्हणाली.

"चुकून झाला असेल."

"मग खाऊन टाक तू."

पानाकाकानं हात पुढे केला. बोटं बशीपाशी पोचली, आणि तिथं त्याचा अंगठा आपोआप मुठीच्या आत गेला, कुणीतरी चावेल म्हणून लपवावा तसा.